सरवा कोणाचा?

मराठीत 'सरवा' असा एक जुना शब्द आहे. पीक कापून, भारे बांधून खळ्यावर नेल्यानंतर शेतात जी चारदोन कणसे, लोंब्या, शेंगा मागे राहतात, त्यांना सरवा म्हणतात. तो वेचायला शेताचा धनी सहसा जात नसे. गावातील विधवा, भूमिहीन मजूर आणि त्यांची मुले रिकाम्या शेतात शिरत व पदरात किंवा टोपलीत जे येईल ते घरी नेत. त्यासाठी कोणी परवानगी मागत नसे आणि कोणी हरकतही घेत नसे. कोणत्याही सातबाऱ्यावर न लिहिलेला, तरीही सर्वांना मान्य असलेला असा तो हक्क होता.

धान्याला जसा सरवा होता, तसाच तो जळणालाही होता. विदर्भात कापसाची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाट्या उपटून त्यांचे भारे अंगणात रचले जात. मराठवाड्यात तुराट्या, इतरत्र ज्वारीची धसकटे, दाणे काढलेली मक्याची कणसे, भुईमुगाची टरफले अशी ज्या त्या मुलखाची ज्या त्या पिकाची उरलीसुरली चीज चुलीपाशी येत असे. कोल्हापूरकडे गुऱ्हाळाचे चुलवाण उसाच्या चिपाडांवर पेटे आणि वर काहिलीत त्याच उसाचा रस उकळत राही. आपल्या वसईच्या वाड्यांत नारळाच्या झावळ्या, करवंट्या आणि सोडणे न्हाणीच्या चुलीत जात. भाताच्या गिरणीवरचे तूस, सुताराच्या आवारातील ढलप्या, वखारीतील लाकडाचा भुसा यांनाही घर होते. मुंबईच्या चाळींत भुशाची शेगडी असे. पत्र्याच्या डब्याला खालच्या बाजूस एक भोक पाडायचे, मध्ये बाटली उभी धरून भोवताली भुसा गच्च ठासायचा, बाटली अलगद काढून घ्यायची आणि त्या पोकळीत जाळ धरायचा. तास-दोन तास ती शेगडी संथपणे जळत राही. पुढे चुलीत उरलेल्या राखेने भांडी निघत आणि तुसाच्या राखुंडीने दातही घासले जात. ज्याला आज आपण 'टाकाऊ' म्हणतो, त्यातले फारच थोडे त्या काळी खरोखर टाकले जाई.

हे सारे आज आठवण्याचे कारण निव्वळ स्मरणरंजन नाही. शेतीतील आणि लाकूडकामातील अवशेषांना गेल्या दोन-तीन दशकांत नवे नाव आणि नवी किंमत मिळाली आहे. त्यांना 'जैवभार' किंवा 'बायोमास' म्हणतात. त्यांचे ठोकळे पाडून 'पांढरा कोळसा' या नावाने कारखान्यांच्या बॉयलरसाठी विकतात, त्यांच्या बोटभर जाडीच्या गोळ्या करतात, त्यांचा कोळसा करतात, त्यांवर वीजही निर्माण करतात. यात पर्यावरणाचे हित आहे, शेतकऱ्याचे हित आहे, आणि गोरगरिबांच्या चुलीचेही हित साधता येईल, असे सांगितले जाते. मात्र ज्या वस्तूला काल किंमत नव्हती तिला आज किंमत आली, की एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. जे उरते, त्यावर पहिला हक्क कोणाचा? आम्हांस हा प्रश्न तंत्रज्ञानाचा कमी आणि नीतीचा अधिक वाटतो, म्हणून या पानांवर तो मांडण्याचे धाडस करीत आहोत.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जुन्या चुलीचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. घरोघरी मातीच्या चुली असे आपण सहज म्हणून जातो, पण त्या चुलीपुढे कोण बसते आणि काय श्वासात घेते याचा विचार त्या म्हणीत नाही. लाकूड किंवा काटकी तापली की प्रथम तिच्यातील ओलावा निघून जातो, मग तिच्यातून ज्वालाग्राही वायू बाहेर पडतात, आणि शेवटी कोळसा धगधगत राहतो. त्या वायूंना पुरेशी हवा आणि पुरेशी उष्णता मिळाली तर ते जळून स्वच्छ ज्योत होते. न मिळाली तर तेच वायू आणि सूक्ष्म कण धूर होऊन घरभर पसरतात. म्हणजे धूर हे न जळलेले जळणच होय. साध्या तीन दगडांच्या चुलीत लाकडातील उष्णतेचा जेमतेम दहावा ते सातवा हिस्सा भांड्यापर्यंत पोचतो. उरलेली उष्णता हवेत जाते आणि धूर त्या माउलीच्या डोळ्यांत नि छातीत जातो.

या धुराचे मोजमाप करणारे आरंभीचे एक संशोधन आपल्या शेजारच्या गुजरातेतील चार खेड्यांत झाले. कर्क स्मिथ हे अमेरिकन शास्त्रज्ञ आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी ते १९८३ साली प्रसिद्ध केले आणि बंद स्वयंपाकघरातील हवा जगासमोर प्रश्न म्हणून आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातील अशा प्रदूषणामुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली आणि त्यांत दोन लाखांहून अधिक पाच वर्षांखालील बालके होती. हृदयविकार, पक्षाघात, दम्यासारखे जुनाट फुप्फुसविकार, लहान मुलांचा न्यूमोनिया अशी त्या मृत्यूंची नावे आहेत. चुलीचे नाव मृत्यूच्या दाखल्यावर कोठेही येत नाही. म्हणून उरल्यासुरल्यावरचा गरिबाचा हक्क सांगताना, त्या हक्काबरोबर धूरही त्याच्याच वाट्याला जावा असे म्हणणे हा अन्यायच ठरेल.

शासनाला हे उशिरा का होईना उमगले. १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २००२ मध्ये तो बंद होईपर्यंत देशभर तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या गेल्या. आकडा डोळे दिपवणारा होता, पण किती चुली वर्ष-दोन वर्षांनंतर पेटत राहिल्या हे विचारायला फारसे कोणी गेले नाही. अनेक घरांत धुराड्याचा नळ चोंदला, भेगा पडल्या, भांड्यांची मापे जुळेनात, आणि बाईने ती चूल कोपऱ्यात सारून पुन्हा आपली जुनी चूल मांडली. पुढे ओडिशात सुमारे अडीच हजार कुटुंबांचा चार वर्षे अभ्यास झाला. त्याच्या कर्त्यांत पुढे नोबेल पारितोषिक मिळालेल्या एस्तेर द्युफ्लो होत्या. पहिल्या वर्षी धूर काहीसा कमी झाल्याचे त्यांना दिसले. नंतर चुलींची निगा राहिली नाही, वापर घटला आणि तो लाभही ओसरला. प्रयोगशाळेतील चूल आणि स्वयंपाकघरातील चूल यांत एका बाईच्या दिवसभराच्या कामाचे अंतर असते, हा त्याचा धडा. जिच्यासाठी चूल करावयाची तिलाच विचारले नाही, तर कारागिरी कितीही उत्तम असली तरी व्यर्थ जाते.

मग गॅस आला. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे पंतप्रधान उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला आणि तिच्याखालची आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी आपल्याच औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात देण्यात आली. पुढे हा आकडा दहा कोटींच्या वर गेला. कित्येक घरांतील भिंती त्यामुळे प्रथमच काळ्या व्हायच्या थांबल्या, हे मोठे काम आहे आणि ते मनमोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तरीही २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भागातील केवळ ४३ टक्के कुटुंबे मुख्यतः स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करताना आढळली. टाकी घरात असते, पण ती चहापुरती आणि पाहुण्यांपुरती. भाकरी, डाळ आणि आंघोळीचे पाणी यांच्यासाठी चूलच पेटते, कारण रोजंदारीवरच्या घरात टाकीचे पैसे एकरकमी साचत नाहीत. सरपणाला पैसे पडत नाहीत, श्रम पडतात, आणि बाईच्या श्रमाचा हिशेब आपण कधी ठेवलेलाच नाही. शिवाय आपल्या देशात लागणाऱ्या या गॅसचा निम्म्याहून अधिक भाग परदेशांतून आणावा लागतो. तेव्हा शेतातील अवशेष शास्त्रशुद्ध रीतीने जाळता आले तर बरे, या विचाराला बळ आहे.

आणि हे शास्त्र कठीण असले तरी अशक्य नाही. मोकळे तूस किंवा भुसा हलका असतो, जागा फार व्यापतो आणि एकसारखा जळत नाही. तोच वाळवून, भरपूर दाब आणि उष्णता देऊन घट्ट ठोकळ्यात बांधला, तर लाकडातच असणारा लिग्निन नावाचा घटक मऊ होऊन डिंकासारखे काम करतो आणि बाहेरचा चिकटा लागत नाही. उसाच्या पाचटाचा कोळसा करण्याची रीत पुण्याच्या 'आरती' या संस्थेने बसवली. इरावतीबाई कर्वे यांचे पुत्र डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या या संस्थेला त्या कामासाठी २००२ साली इंग्लंडमधील ॲश्डेन पुरस्कार मिळाला. या कोळशाच्या कांड्यांवर धूर न होता अन्न शिजते. मात्र कोणताही कोळसा दारे-खिडक्या बंद करून पेटवू नये, त्याचा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो, हे प्रत्येक घरात ठाऊक असले पाहिजे. तिसरी रीत गॅसीकरणाच्या शेगडीची. तिच्यात छोटा पंखा असतो, तो खालून आणि वरून वेगवेगळी हवा देतो. खालच्या हवेने गोळ्यांतून वायू निघतात, वरच्या हवेने ते जळतात. चुलीच्या मानाने धूर फार थोडा होतो आणि दुप्पट-तिप्पट उष्णता कामी येते.

या तिसऱ्या रीतीची कहाणी आमच्या प्रश्नाच्या गाभ्याशी जाऊन भिडते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने आखलेली अशी एक शेगडी 'ऊर्जा' या नावाने २००६ च्या सुमारास बाजारात आली. तिच्यासाठी उसाची चिपाडे, शेंगांची टरफले अशा अवशेषांच्या गोळ्या विकल्या जात. महाराष्ट्र आणि कर्नाटक ही तिची मुख्य गिऱ्हाइके. थोड्याच वर्षांत जवळपास चार लाख शेगड्या खपल्या. बायकांना ती आवडली होती, कारण ती लवकर पेटे आणि भांडी काळी होत नसत. पण चिपाडांना आता इतरही गिऱ्हाइके निर्माण झाली होती. शंभर किलो ऊस गाळला की सुमारे तीस किलो चिपाड, म्हणजे कारखान्याच्या भाषेत बगॅस, निघते. साखर कारखाने त्यावर वीज करून विकू लागले, इतर उद्योगांचे बॉयलर त्यावर चालू लागले. कच्चा माल महागला, त्यामागोमाग गोळ्या महागल्या, आणि पुरवठाही नियमित राहिना. कुटुंबांनी एकामागून एक त्या शेगड्या बाजूला ठेवल्या. धंदा करणाऱ्यांनी मग घरांऐवजी हॉटेले आणि कारखाने यांच्याकडे मोर्चा वळवला, कारण त्यांना वाढीव भाव परवडत होता. यात कोणाचा लबाड हेतू शोधण्याचे कारण नाही. प्रत्येकाने आपापल्या जागी शहाणपणाचाच व्यवहार केला. तरीही शेवट असा झाला, की टाकाऊ वस्तू मौल्यवान झाली आणि जिच्या नावाने ती मौल्यवान झाली होती ती बाई रित्या हाताने पुन्हा काटक्या वेचायला गेली.

येथे नीतीचा पेच आहे. वस्तू टाकाऊ असते तोवर ती गरिबाची. तिला भाव आला की ती मालकाची. हा नियम कोणी केला? आपल्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या अंदाजानुसार देशात दरवर्षी सुमारे ७५ कोटी टन शेतीअवशेष निर्माण होतात आणि त्यांतील सुमारे २३ कोटी टन 'अतिरिक्त' असतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांना पाच टक्क्यांपर्यंत अशा अवशेषांच्या गोळ्या कोळशात मिसळून जाळण्याचे धोरण जाहीर केले. उत्तरेत पंजाब-हरियाणातील भाताचे काड शेतातच पेटवले जाते आणि त्या धुराने दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर माणसे गुदमरतात, हे पाहता त्या धोरणात तथ्य आहे. तेथे यंत्राने कापणी होते, गव्हाच्या पेरणीपूर्वी हाती थोडे दिवस असतात आणि ते काड उचलून नेणारे कोणी नसते. पण 'अतिरिक्त' हा शब्द सर्वत्र सारखा नाही. एखाद्या गावातील पऱ्हाट्या कागदावर अतिरिक्त ठरतील आणि त्याच गावाच्या टोकाला दहा घरांची वर्षभराची चूल त्यांवर पेटत असेल. जो हक्क कधी लिहिलाच गेला नाही, तो हिशेबात धरला जात नाही आणि तो गेल्याचीही नोंद होत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. कोरडवाहू शेतकरी तरी कोठे श्रीमंत आहे? कापसाला भाव नाही, बियाणे-औषधांचा खर्च डोक्यावर, अशा वेळी पऱ्हाटीचे चार पैसे मिळत असतील तर ते त्याने का सोडावेत? आम्ही म्हणतो, मुळीच सोडू नयेत. त्याच्या घामाचे मोल त्याला मिळालेच पाहिजे, आणि आजवर त्याच्या अवशेषांतून दुसऱ्यांनीच नफा काढला असेल तर तो अन्याय आधी दूर झाला पाहिजे. मुंबईतील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून फळ्या आणि इंधनाचे ठोकळे करण्याची रीत दाखवून दिली, ती त्याच्यासाठीच मोलाची आहे. पण शेतकऱ्याचा हक्क आणि सरवा वेचणारीचा हक्क यांत झुंज लावण्याची गरज नाही. झुंज असलीच तर ती गावात राहणारा नफा आणि गावाबाहेर जाणारा नफा यांत आहे.

शिवाय या वाटणीत आणखी एक वाटेकरी आहे. तो बोलत नाही, म्हणून त्याची आठवण सर्वांत शेवटी होते. तो म्हणजे जमीन. हेक्टरभर उसातून आठ ते दहा टन पाचट निघते आणि त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र, शिवाय स्फुरद व पालाश असते. ते पेटवून दिले तर नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरात जातो. सरीत पसरून कुजू दिले तर पाणी वाचते, तण दबते आणि माती भुसभुशीत होते. ज्या शेतात पाचट पेटवूनच देणार होते, तेथे त्याचा कोळसा केलेला बरा. जेथे ते कुजवता येते, तेथे तो जमिनीचा घास आहे. उलट पऱ्हाटी शेतात उभी ठेवणे धोक्याचे, कारण गुलाबी बोंडअळी तिच्या किडक्या बोंडांत मुक्काम करते आणि पुढच्या हंगामात परत येते. ती पऱ्हाटी वेळेवर काढून तिचे बारीक तुकडे वा ठोकळे करणे हिताचे. भाताचे तूस तर शेतातून धान्याबरोबर गिरणीवर आलेलेच असते, आणि वखारीतला भुसा कोणत्याही शेताचा नसतो. तेव्हा सगळ्याच अवशेषांना एक नियम लावता येणार नाही. कोणत्या अवशेषावर मातीचा हक्क आहे आणि कोणत्यावर नाही, हे वेगवेगळे पाहावे लागेल.

या तीन हक्कांचा क्रम कसा लावावा? आम्हांस त्याचे एक प्राचीन उत्तर सरव्याच्या नियमातच दिसते. जुन्या करारातील लेवीय आणि अनुवाद या ग्रंथांत शेतकऱ्याला सांगितले आहे, की शेताच्या कडा पुरत्या कापू नकोस, खाली पडलेले वेचू नकोस, विसरलेली पेंढी आणायला परत जाऊ नकोस. ते गरिबासाठी, परदेशीयासाठी, विधवा आणि अनाथ यांच्यासाठी आहे. या नियमाचे बारकावे ध्यानात घेण्याजोगे आहेत. ही भीक नव्हे. मालकाने हातात काही द्यायचे नाही, त्यामुळे घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. वेचणाऱ्याला स्वतः राबायचे आहे. आणि मालकाची मालकी नाकारलेली नाही, फक्त तिला एक कड घातली आहे. रूथ ही मवाबी विधवा बवाजाच्या शेतात अशीच सरवा वेचायला गेली आणि सांजेपर्यंत राबून तिने सासूसाठी सातू घरी नेले. बवाज एक पाऊल पुढे गेला. त्याने आपल्या कापणीकरांना मुद्दाम काही कणसे मागे टाकायला सांगितले. कायद्याने जेवढे राहायचे त्याहून थोडे अधिक राहावे, अशी व्यवस्था त्याने केली.

आजच्या काळात मुद्दाम मागे टाकणे म्हणजे काय? आमच्या मते त्याचे काही साधे अर्थ आहेत. गावातील अवशेषांवर गोळ्यांचा किंवा ठोकळ्यांचा कारखाना निघत असेल, तर बाहेरच्या बॉयलरला माल देण्याआधी त्या गावच्या चुलींचा वाटा ठरावा आणि तो परवडणाऱ्या दराने नियमित मिळावा. जे कुटुंब अवशेष आणून देते त्याला बदल्यात पैशांबरोबर इंधनही घेता यावे. गोळा करणे, वाळवणे, ठोकळे पाडणे ही कामे जमतील तेथे महिला बचत गटांकडे असावीत, म्हणजे किंमत वाढली तर ती वाढ त्यांच्याही पदरात पडेल. गिरणीवाल्याने, वखारवाल्याने तूस-भुशाचा सगळा सौदा एकाच ठेकेदाराशी करण्याआधी शेजारच्या वस्तीकडे एकदा पाहावे. आणि कोणतीही योजना आखताना जमिनीचा वाटा कृषितज्ज्ञाला विचारून आधीच बाजूला काढावा. म्हणजे क्रम असा, प्रथम माती, मग ज्यांचे जीवन त्यावर चालत आले आहे त्यांची चूल, आणि त्यानंतर बाजार. बाजाराला शेवटची जागा दिली म्हणजे त्याला दार बंद केले असे होत नाही. पंगतीत शेवटी बसणाराही जेवूनच उठतो.

या क्रमाला आणखी एक अट जोडली पाहिजे, आणि ती आपणां सर्वांना लागू आहे. शहरातील किंवा सुखवस्तू घरातील माणूस जैविक इंधनाची स्तुती फार लवकर करतो. ते नूतनीकरणक्षम आहे, निसर्गाला धरून आहे, खेड्याला शोभणारे आहे, असे तो गॅसच्या शेगडीवरचा चहा पीत सांगतो. त्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा. ही शेगडी मी माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या सुनेच्या वा मुलीच्या पुढ्यात ठेवीन काय? उत्तर 'नाही' असेल, तर ती गरिबाच्या माथी मारण्याचा अधिकार त्याला नाही. रोजच्या स्वयंपाकाला गॅस वा वीज गरिबालाही हवी आहे आणि तिच्यावर त्याचा आपल्याइतकाच हक्क आहे. अवशेषांचे इंधन त्याच्यासाठी दुय्यम दर्जाची तजवीज ठरता कामा नये. जेथे ते खरोखर धूरमुक्त आहे, मोठ्या पातेल्याला, आंघोळीच्या पाण्याला, वसतिगृहाच्या वा लग्नघराच्या स्वयंपाकाला सोयीचे आहे, आणि घेणाऱ्याने ते स्वखुशीने निवडले आहे, तेथेच ते शोभते. आपल्या धर्मग्रामांच्या सभागृहांत, शाळांत, आश्रमशाळांत मोठ्या प्रमाणावर अन्न शिजते. चांगल्या शेगडीचा प्रयोग करावयाचा तर तो प्रथम तेथे व्हावा. धुराची परीक्षा आपल्या डोळ्यांनी घेतल्यावर मगच ती शेगडी दुसऱ्याच्या घरी न्यावी.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात फेकून देण्याच्या संस्कृतीवर बोट ठेवले, तेव्हा त्यांचा रोख केवळ वस्तूंकडे नव्हता. वस्तू फेकायची सवय लागलेला समाज पुढे माणसेही बाजूला टाकू लागतो, हे त्यांना सांगायचे होते. येथे तर उलट दिशेनेही सावध राहिले पाहिजे. टाकाऊ वस्तू आपण उचलून घेऊ, तिला प्रतिष्ठा देऊ, तिच्यावर उद्योग उभारू आणि त्या घाईत तिच्यावर जगणारे माणूस मात्र टाकून देऊ, असेही घडू शकते. कचऱ्याचा उद्धार झाला आणि कचरा वेचणारी होती तेथेच राहिली, तर त्या उद्धाराला काय अर्थ?

भाकरींच्या चमत्काराची कथा आपण प्रत्येक जण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या कथेत उरलेले तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून गोळा करण्याची आज्ञा आहे आणि बारा टोपल्या भरल्याचा उल्लेख आहे. काटकसरीचा धडा म्हणून आपण ती कथा मुलांना सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण टोपल्या भरण्याचे काम केव्हा झाले हेही मुलांना सांगितले पाहिजे. हिरवळीवर बसलेली सगळी माणसे पोटभर जेवल्यानंतर ते झाले. भुकेल्यांची पंगत उठण्यापूर्वी शिल्लक मोजायला कोणी बसले नव्हते. शेतातील, गिरणीतील, वखारीतील शिल्लक मोजताना आपणही तोच क्रम सांभाळावा, एवढेच आमचे मागणे आहे.